खाण तशी माती, पण पीक मशागतीचे

वाशिम जिल्ह्यातील कोणत्याही आरोग्य केंद्रात मधुमेहाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'आमच्या खानदानातच शुगर आहे, मलाही होणारच. तपासून काय करता?' दुसरे याच्या अगदी उलट, 'आमच्या सात पिढ्यांत कोणाला शुगर नाही, मला कशी होईल?' दोन्ही वाक्ये वेगळी, पण परिणाम एकच. रक्ताची तपासणी राहून जाते. चार-पाच वर्षांनी हाच माणूस पायाची जखम भरत नाही म्हणून किंवा डोळ्यांना अंधूक दिसते म्हणून येतो, तेव्हा साखर तीनशेच्या पुढे गेलेली असते.

या दोन्ही वाक्यांच्या मागे आनुवंशिकतेविषयीचा एकच समज आहे. रोगाचे एक 'बी' असते, ते आईबापाकडून आले तर रोग होतो, नाही आले तर होत नाही, असा तो समज. काही आजारांच्या बाबतीत तो खराही आहे. पण मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, लठ्ठपणा यांसारख्या आपल्या घराघरांतील आजारांना तो लागू पडत नाही. हा फरक समजणे हा केवळ विज्ञानाचा प्रश्न नाही. त्यावर कोण वेळेत तपासून घेतो आणि कोण घेत नाही, हे ठरते.

एक जनुक आणि अनेक जनुके

विदर्भाला सिकलसेल नवा नाही. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या एका जनुकातील एक अक्षर बदलले की हा आजार होतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. म्हणूनच लग्नाआधी दोघांची तपासणी केली की पुढचे सरळ सांगता येते. हा एका जनुकाचा आजार आहे.

मधुमेहाचा हिशेब असा मांडता येत नाही. शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगण्याची फारशी गरज नसते, कारण तो सोयाबीनमध्ये रोज दिसतो. फूल जांभळे येणार की पांढरे, हे मुख्यतः एका जनुकावर ठरते. ते पाऊस कमी झाला म्हणून बदलत नाही. पण एकरी किती क्विंटल पिकेल, हे कोणत्या एका जनुकावर ठरते? कोणत्याच नाही. झाडाची उंची, शेंगांची संख्या, दाण्याचे वजन, मुळांची खोली, रोगाला तोंड देण्याची ताकद या प्रत्येकामागे अनेक जनुके असतात. शिवाय जमीन, पाऊस, खत आणि तणनियंत्रण हे सगळे असतेच. एकाच पिशवीतील बियाणे रिसोडच्या एका शेतात भरघोस येते आणि शेजारच्या शेतात मार खाते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. माणसाची उंची, रक्तदाब आणि रक्तातील साखर हे गुण 'फुलाच्या रंगा'सारखे नसून 'उताऱ्या'सारखे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना जटिल किंवा बहुजनुकीय गुण म्हणतात.

अशा गुणांचा गणिती पाया ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्येच घातला. अनेक जनुकांचा प्रत्येकी अगदी थोडा परिणाम एकत्र आला, तर उंचीसारखा चढत्या-उतरत्या प्रमाणात पसरलेला गुण तयार होतो, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे म्हणतात तसे थेंबे थेंबे तळे साचे. मात्र यातला एकेक थेंब ओळखायला पुढची जवळपास नव्वद वर्षे लागली.

जनुके सापडतात कशी?

जुनी पद्धत कुटुंबाचा माग काढण्याची होती. ज्या घरात रोग पिढ्यानपिढ्या दिसतो, त्या घरातील आजारी आणि निरोगी माणसांचे रक्त घ्यायचे आणि डीएनएचा कोणता तुकडा रोगासोबत फिरतो ते पाहायचे. या पद्धतीने हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराच्या जनुकाची जागा १९८३ मध्ये कळली आणि दहा वर्षांनी, १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक हाती लागले. जिथे एकच जनुक मोठा घाव घालते तिथे ही पद्धत चालते. मधुमेहात ती फारशी चालली नाही, कारण एकेका जनुकाचा परिणाम इतका लहान असतो की एका कुटुंबात तो दिसतच नाही.

मग पद्धत बदलली. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. कोणत्याही दोन माणसांत साधारण हजारात एक अक्षर वेगळे असते. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी लोक घ्यायचे, प्रत्येकाच्या डीएनएतील अशा लाखो जागा तपासायच्या आणि कोणते अक्षर रुग्णांत जास्त वेळा आढळते ते मोजायचे. ब्रिटनमधील एका मोठ्या संघाने २००७ मध्ये सात आजारांचे मिळून सुमारे १४ हजार रुग्ण आणि ३ हजार निरोगी लोक तपासून ही पद्धत यशस्वी करून दाखवली. त्या सात आजारांत मधुमेह होता.

या पद्धतीत एक मोठा धोका आहे, तो योगायोगाचा. लाखो जागा तपासल्या की त्यातल्या काही हजार जागा निव्वळ नशिबाने रुग्णांत जास्त दिसणारच. म्हणून नियम कडक ठेवला गेला. केवळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल, तरच तो शोध मानायचा. शिवाय दुसऱ्या लोकसमूहात तोच निकाल पुन्हा यायला हवा. त्याआधीच्या काळात 'अमुक आजाराचे जनुक सापडले' अशा बातम्या वारंवार येत आणि विरून जात. त्या थांबल्या त्या या शिस्तीमुळे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या पद्धतीने सापडते ती गल्ली, घर नव्हे. लठ्ठपणाशी संबंधित एफटीओ जनुकातील खुणा २००७ मध्ये सापडल्या, तेव्हा साहजिकच दोष एफटीओलाच दिला गेला. पुढे २०१४ आणि २०१५ मधील संशोधनाने दाखवले, की त्या खुणा बऱ्याच अंशी शेजारच्या दुसऱ्याच जनुकांचे काम कमी-जास्त करतात. पत्ता बरोबर होता, पण दार दुसऱ्याचे ठोठावले गेले होते.

आज हा आवाका प्रचंड वाढला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील २५ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. त्यातून टाइप २ मधुमेहाशी संबंधित १,२८९ वेगवेगळे संकेत, डीएनएच्या ६११ भागांत मिळाले. म्हणजे 'मधुमेहाचे जनुक' नावाची वस्तू अस्तित्वात नाही. शेकडो लहान लहान कल आहेत आणि त्यातले काही आपल्या प्रत्येकाकडे आहेत. ज्याच्या सात पिढ्यांत शुगर नाही, त्याच्याकडेही आहेत.

पुण्याने काय दाखवले

या शोधात महाराष्ट्राचा मोलाचा वाटा आहे. टीसीएफ७एल२ या जनुकातील खूण मधुमेहाशी निगडित आहे, हे आइसलँडमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. मधुमेहाच्या नेहमी आढळणाऱ्या खुणांपैकी ही सर्वांत जोरकस. ती आपल्या लोकांतही तसाच परिणाम करते का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटांनी २००७ मध्ये त्याचे उत्तर दिले. होय, करते.

पण 'सर्वांत जोरकस' म्हणजे किती, हे पाहण्यासारखे आहे. या खुणेची एक प्रत असेल तर जोखीम ढोबळमानाने दीडपटीच्या आसपास जाते. समजा एखाद्या गटात शंभरातल्या दहांना मधुमेह होणार असेल, तर ही खूण असलेल्या शंभरात तो सुमारे चौदांना होईल. उरलेल्या ८६ जणांकडे खूण असूनही मधुमेह होणार नाही. सर्वांत ताकदवान जनुकाची ही अवस्था, मग बाकीच्यांची काय कथा!

एफटीओच्या बाबतीत पुण्याचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत. युरोपीय लोकांत हे जनुक आधी वजन वाढवते आणि वाढलेल्या वजनामुळे मधुमेह होतो, असे दिसले होते. वजनाचा हिशेब वजा केला की संबंध जवळपास संपत होता. याज्ञिक आणि चांडक यांच्या गटांनी २००९ मध्ये दाखवले, की आपल्या लोकांत तसे होत नाही. वजन वजा केल्यावरही जोखीम बऱ्याच अंशी उरते. जनुक तेच, पण शरीर वेगळे आणि परिस्थिती वेगळी, म्हणून परिणामही वेगळा.

या वेगळेपणाचे मूळ जन्माच्याही आधी आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्व मापांत लहान होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. वरून बारीक आणि आतून चरबीदार! प्रौढांतही हेच चित्र दिसते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

'मी तर काटकुळा आहे, मला कसली शुगर' असे म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कंबरेची पट्टी अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर किंवा स्त्रीची ८० च्या वर गेली की सावध व्हावे, मग हातपाय कितीही बारीक असोत. आणि शेतात राबतो म्हणून निर्धास्त राहावे, असेही आता राहिलेले नाही. नांगरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने आणि बांधापर्यंतचा प्रवास दुचाकीने होतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह अजून शहरात जास्त आहे. उंबरठ्यावरच्यांचे प्रमाण मात्र शहरात आणि खेड्यात जवळपास सारखेच आहे.

कल म्हणजे निकाल नव्हे

जनुके बदलता येत नाहीत, मग चालून-फिरून उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, ते तपासले गेले आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचे गट करून काही वर्षे पाहणी झाली. त्यातील साडेतीन हजार लोकांची टीसीएफ७एल२ तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्याकडे जोखमीच्या दोन्ही प्रती होत्या, त्यांना मधुमेह लवकर होत होता. पण आहार सांभाळून, आठवड्यातून किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करून वजन थोडे उतरवणाऱ्या गटात हा फरक जवळपास दिसेनासा झाला. जनुक तेच राहिले, त्याची धार गेली.

भारतीय लोकांवरही अशी चाचणी झाली आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा पाठपुरावा केला. काहीही विशेष न केलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. सगळे वाचले नाहीत, हे खरे. पण शंभरातल्या सोळा माणसांना तीन वर्षांत झालेला हा लाभ कोणत्याही औषधाने अभिमान बाळगावा असा आहे.

म्हणून 'घराण्यात शुगर आहे' हे वाक्य हात टेकण्याचे कारण नसून लवकर उठण्याचे कारण आहे. घराण्याकडून फक्त जनुके येत नाहीत, चूलही येते. दिवसातून पाच वेळा गोड चहा, ताटात पोळी-भाताचा डोंगर आणि वरणाची वाटी लहान, संध्याकाळी टीव्हीसमोर बैठक हासुद्धा वारसाच आहे. जनुकांचा वारसा नाकारता येत नाही, चुलीचा बदलता येतो.

बाजारातील 'जनुक कुंडली'

अलीकडे थुंकीचा नमुना पाठवा आणि मधुमेह, हृदयविकार यांची जोखीम जाणून घ्या, अशा जाहिराती दिसतात. काही हजार रुपये खर्च करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. हे गुणांकन ज्या अभ्यासांवर उभे आहे, त्यात सहभागी झालेल्यांपैकी २०१६ मध्येही ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावर बेतलेले माप आपल्या अंगाला नीट बसत नाही. पुण्याचा एफटीओचा अनुभव हेच सांगतो. ही त्रुटी भरून काढण्यासाठी 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशभरातील दहा हजार लोकांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. ही चांगली सुरुवात आहे. पण मधुमेहासाठी खात्रीचे भारतीय माप हवे असेल, तर दहा हजारांवर भागणार नाही. लाखो लोक लागतील, त्यात विदर्भातील खेडी लागतील आणि रक्त देणाऱ्याला ते कशासाठी घेतले हे त्याच्या भाषेत सांगावे लागेल.

मग जनुके शोधण्याचा आज काही उपयोग नाही का? आहे, आणि त्याचे उदाहरण पुन्हा सिकलसेलचेच आहे. गर्भातील हिमोग्लोबिन जन्मानंतरही रक्तात टिकले तर सिकलसेलचा त्रास कमी होतो. ते कोणात किती टिकते, हा बहुजनुकीय गुण आहे. त्याची जनुके याच पद्धतीने शोधताना २००७-०८ मध्ये बीसीएल११ए हे जनुक सापडले. त्यालाच लक्ष्य करणाऱ्या जनुक-संपादन उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे आपल्या रुग्णासाठी तो आज नसल्यातच जमा. आपल्याकडे हेच गर्भातील हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या साध्या गोळीचा आधार आहे. जनुकाच्या शोधाचे फळ रुग्णाच्या ताटात पडायला वेळ लागतो, पण पडते. त्या शोधाचा उपयोग औषध घडवण्यासाठी आहे, भविष्य सांगण्यासाठी नाही.

जिल्ह्याने काय करावे

भविष्य सांगणारी सर्वांत स्वस्त चाचणी आपल्याकडे आधीच आहे, ती म्हणजे कुटुंबाची माहिती. आईवडील आणि भावंडांचा आजार सांगताना माणूस नकळत आपल्या शेकडो जनुकांची आणि चुलीचीही गोळाबेरीज सांगत असतो. चेन्नईत तयार झालेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात एका पालकाला मधुमेह असेल तर १० गुण आणि दोघांना असेल तर २० गुण धरतात. आशा ताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यातही कुटुंबातील आजाराला २ गुण आहेत आणि एकूण गुण ४ च्या वर गेले की तपासणीत प्राधान्य द्यायचे आहे. थुंकी पाठवण्याची गरज नाही, खरी माहिती सांगण्याची आहे.

मात्र या माहितीचा प्रवास उलट दिशेनेही व्हायला हवा. आज एखाद्याला मधुमेह निघाला की त्याला गोळ्या मिळतात आणि तो घरी जातो. त्याच्या भावाला, बहिणीला, तिशी ओलांडलेल्या मुलाला कोण बोलावते? जिल्ह्यातील प्रत्येक आरोग्य केंद्राने नव्या रुग्णाच्या केसपेपरवर एक रकाना वाढवावा. 'भावंडे आणि मुले किती? तपासली किती?' याला नवी योजना नको, निधी नको. एका रुग्णामागे चार-पाच जवळचे नातेवाईक धरले, तरी जोखमीची माणसे सर्वांत आधी हाती लागतील. वाशिमला २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले गेले. मागे राहिलेला जिल्हा पुढे येतो तो मोठ्या यंत्रांपेक्षा अशा लहान नोंदींनी.

तपासणी कोणती, याबाबत विदर्भात एक खबरदारी हवी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी सिकलसेल किंवा पंडुरोग असलेल्या माणसात फसवी ठरू शकते. अशा वेळी उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली रक्ततपासणीच धरावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर तो माणूस उंबरठ्यावर आहे आणि चेन्नईच्या त्या सोळा माणसांत जागा मिळवण्याची हीच वेळ आहे. पुन्हा तपासूनही ती १२६ किंवा त्याहून अधिक आली, तर उपचार त्याच आठवड्यात सुरू व्हावेत. घरात आई, वडील किंवा भावंड यांपैकी कोणालाही मधुमेह असेल, तर तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सकाळी काही न खाता जवळच्या आरोग्य केंद्रात जावे आणि सोबत भावालाही न्यावे.